लेसरचे औद्योगिक उपयोग

लेसरची प्रकाशशलाका एकवर्णी, कलासंबद्ध व जवळजवळ समांतर असते. त्यामुळे भिंगाच्या वा आरशाच्या साहाय्याने ती अत्यंत लहान ठिपक्यावर केंद्रित करता येते. तेथे एकवटलेल्या ऊर्जेने धातू वितळतो किंवा त्याची वाफ होते. हत्याराचा स्पर्श नसल्याने झीज होत नाही व लगतचा भाग फारसा तापत नाही. कर्तन, छिद्रण व वितळजोडकाम यांतील लेसरची उपयुक्तता या गुणांवर आधारलेली आहे.

उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली. थीओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर तयार केला. आरंभी या साधनाला निश्चित कार्यक्षेत्र नव्हते. ‘प्रश्नाच्या शोधात निघालेले उत्तर’ असे त्याचे वर्णन केले जाई. तारा ओढण्यासाठी हिऱ्याचे साचे वापरतात. त्यांतील छिद्रे यांत्रिक रीतीने पाडण्यास फार वेळ लागे. १९६५ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने हे काम लेसरच्या स्पंदांनी सुरू केले आणि लेसरला कारखान्यात स्थान मिळाले.

अखंड व अधिक शक्तीची शलाका मिळविण्याचा मार्ग सी. के. एन्. पटेल यांनी दाखविला. बारामती येथे जन्मलेल्या व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइड लेसर शोधून काढला. त्याची तरंगलांबी १०·६ मायक्रॉन असून कार्यक्षमता माणकाच्या लेसरपेक्षा पुष्कळच अधिक आहे. तथापि केवळ शक्ती पुरेशी नव्हती. कारण थंड, चकचकीत धातू या तरंगलांबीचा बहुतेक प्रकाश परावर्तित करतो. इंग्लंडमधील पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी १९६७ मध्ये ३०० वॉट शलाकेबरोबर ऑक्सिजनाचा झोत सोडून सु. १ मिमी. जाडीचा पोलादी पत्रा कापला. ऑक्सिडीभवनाची उष्णता कर्तनास मदत करते व झोताबरोबर वितळलेला भाग बाहेर फेकला जातो. पत्रा कापण्याच्या आधुनिक यंत्रांचा उगम या प्रयोगात आहे.

१०·६ मायक्रॉन प्रारण काचतंतूतून नेता येत नाही, ते आरशांनी वळवावे लागते. सु. १ मायक्रॉन तरंगलांबीच्या निओडिमियम व पुढे तंतू-लेसरांमुळे ही अडचण दूर झाली. लवचिक तंतूतून शलाका यंत्रमानवाच्या हातापर्यंत पोहोचू लागली व मोटारींच्या सांगाड्यांचे वितळजोडकाम सुलभ झाले. एकविसाव्या शतकात धातूंच्या कर्तनात तंतू-लेसरांनी कार्बन डाय-ऑक्साइड लेसरांना बरेच मागे टाकले. मात्र लाकूड, ॲक्रिलिक व कापड यांसाठी ते उपयुक्त राहिले. सुरतेच्या हिरे उद्योगातही कर्तनासाठी लेसर वापरतात.

अल्पशक्तीच्या लेसरांचे उपयोग निराळे आहेत. २६ जून १९७४ रोजी ओहायओतील ट्रॉय येथील दुकानात वस्तूवरील पट्टसंकेत प्रथमच हीलियम-निऑन लेसरने वाचण्यात आला. अर्धसंवाहक लेसरांमुळे तंतू-संदेशवहन, मुद्रक व ध्वनितबकड्या शक्य झाल्या.

अदृश्य अवरक्त शलाका क्षणार्धात डोळ्यास कायमची इजा करू शकते. परावर्तित शलाकाही धोक्याची असते. म्हणून यंत्राभोवती बंदिस्त आवरण व त्या तरंगलांबीस योग्य असा चष्मा आवश्यक असतो.

सूक्ष्म इलेक्ट्रॉनीय मंडलांच्या निर्मितीत कार्बन डाय-ऑक्साइड लेसरला नवे कार्य लाभले आहे. त्याचे स्पंद कथिलाच्या सूक्ष्म थेंबांवर पाडून १३·५ नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रारण मिळवितात व त्याने सिलिकॉनच्या चकतीवर मंडलाची आकृती उमटवितात. संगणकांच्या सर्वांत सूक्ष्म घटकांची निर्मिती आता या पद्धतीवर अवलंबून आहे.