ट्रॅपिस्ट बिअर : आस्वाद, मूल्यमापन आणि नावाचा अधिकार

प्रस्तावना

बेल्जियममधील गडद रंगाच्या व तीव्र ट्रॅपिस्ट एलची गणना जगातील श्रेष्ठ बिअरमध्ये होते. या कीर्तीमुळे ‘ट्रॅपिस्ट’ हे एका चवीचे नाव असावे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ते उत्पत्तीचे नाव आहे. चवीची परीक्षा आणि नावाचा अधिकार या दोन बाबी इतिहासक्रमात परस्परांपासून कशा वेगळ्या झाल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मठवासीयांनी स्वतःच्या श्रमावर जगावे, असा दंडक सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीने घातला. इ.स. १६६४ मध्ये फ्रान्समधील ला ट्रॅप मठाचे अधिपती आर्मां-जाँ द रांसे यांनी कठोर आचाराची सुधारणा आरंभली. या मठावरून ‘ट्रॅपिस्ट’ ही संज्ञा रूढ झाली. फ्रेंच राज्यक्रांतीने परागंदा केलेल्या मठवासीयांनी १७९४ मध्ये वेस्टमाले येथे मठ स्थापला. तेथे १८३६ पासून मठातील भोजनासाठी बिअर तयार होऊ लागली. पुढे तिची मर्यादित विक्रीही सुरू झाली. १९१९ च्या कायद्याने बेल्जियममधील मद्यगृहांत जिनसारख्या कडक मद्याच्या विक्रीस मज्जाव केला. तीव्र बिअरची मागणी वाढण्यास हे एक कारण ठरले.

आस्वाद व मूल्यमापन

रोशफोर १० या बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण ११.३ टक्के, तर वेस्टफ्लेटेरेन १२ मध्ये १०.२ टक्के असते. अशा बिअरचा गडद रंग बहुधा साखर तापवून केलेल्या काळसर पाकामुळे येतो. बाटलीत पुन्हा किण्वन होत असल्याने तळाशी यीस्टचा गाळ साचतो. म्हणून ती रुंद तोंडाच्या चषकात सावकाश ओततात. फार थंड असताना तिचा गंध दबलेला राहतो. ऊब येऊ लागली की मनुका, अंजीर व मसाल्याच्या छटा उलगडतात.

अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम’च्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात : गंधास १२, दर्शनी रूपास ३, चवीस २०, मुखस्पर्शास ५ आणि समग्र परिणामास १०. बिअर कोणी व कोठे तयार केली, यास एकही गुण नाही.

नावाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्टफ्लेटेरेनच्या मठाने आपले उत्पादन मर्यादित केले. १९४६ मध्ये वाटू येथील एका ब्रुअरीला परवाना देण्यात आला व तो १९९२ पर्यंत चालला. परवाना संपल्यावर या ब्रुअरीने ‘सेंट बर्नार्डस’ या नावाने विक्री सुरू ठेवली. तिची ‘आब्ट १२’ आणि मठाची ‘१२’ यांतील साम्य जाणकार आजही नोंदवतात; तथापि पहिली ट्रॅपिस्ट मानली जात नाही.

‘ट्रॅपिस्ट’ हा शब्द मठवासीयांच्या बिअरपुरताच मर्यादित आहे, असा निर्णय गेंट येथील व्यापारी न्यायालयाने १९६२ मध्ये दिला. १९९७ मध्ये आठ मठांनी आंतरराष्ट्रीय ट्रॅपिस्ट संघटना स्थापन केली. उत्पादन मठाच्या परिसरात व्हावे, त्यावर मठवासीयांची देखरेख असावी आणि उत्पन्न मठाचा निर्वाह व परोपकार यांसाठी वापरावे, अशा तिच्या अटी आहेत.

या अटींचा कस आखेल येथे लागला. १९९८ मध्ये तेथे बिअरनिर्मिती पुन्हा सुरू झाली होती. मात्र २०२१ मध्ये शेवटचे मठवासी निघून गेल्याने संघटनेचे अधिकृत चिन्ह तिला गमवावे लागले. बिअरच्या चवीत दोष आढळला म्हणून हे घडले नव्हते. २०२३ मध्ये मठ व ब्रुअरी खाजगी मालकाकडे गेली.

निष्कर्ष

परीक्षक चषकातील गुण मोजू शकतो. चषकामागील सामूहिक जीवन त्याच्या मोजमापात येत नाही. चवीची नोंद करता येते, कौशल्याने तिचे अनुकरणही करता येते. नाव मात्र मठात राहणाऱ्या माणसांवर अवलंबून आहे. युरोपातील मठवासीयांची संख्या घटत असताना, उत्तम बिअर शिल्लक राहील पण तिला ट्रॅपिस्ट म्हणता येणार नाही, ही शक्यता आखेलने प्रत्यक्षात आणून दाखविली आहे. म्हणूनच या बिअरचा इतिहास अभ्यासताना चवीच्या नोंदींबरोबरच मठांच्या वाटचालीचा अभ्यास होणे आवश्यक ठरते.