बदलून मिळालेला फोन पुन्हा ‘लॉक’ का असतो?

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फोनमध्ये नाशिक रोडला आल्यावर भारतीय सिम चालत नसेल, तर तो तिथल्या मोबाइल कंपनीने ‘लॉक’ केलेला असू शकतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे ‘कॅरियर लॉक’ तपासा. ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं, तर फोन अनलॉक आहे.

हा लॉक आयएमईआय या १५ अंकी क्रमांकाशी जोडलेला असतो. *#०६# डायल केल्यावर तो दिसतो. वॉरंटीत फोन बदलून मिळाला, की हा क्रमांकही बदलतो. त्यामुळे जुना फोन अनलॉक असला, तरी नव्याची वेगळी खात्री करावी लागते.

अधिकृत अनलॉक दुकानदार नव्हे, मूळ कंपनीच करते. हप्ते बाकी असल्यास ती सहसा नकार देते. म्हणून फोन भारतात पाठवण्याआधीच खातेदाराने अर्ज करावा.