ड्युअल बूट : मेनूतून गेलेली प्रणाली परत आणणे

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग प्रणाली बसवलेल्या असताना, सुरुवातीच्या मेनूतून त्यांपैकी एकीचे नाव नाहीसे होणे हा ड्युअल बूट संगणकाचा नेहमीचा बिघाड आहे. अशा वेळी प्रणाली, तिच्या फाइली आणि वापरणाऱ्याचा डेटा बहुधा डिस्कवर जागच्या जागी असतो. गेलेली असते ती तिच्यापर्यंत नेणारी नोंद. म्हणून प्रणाली नव्याने टाकण्याऐवजी ही नोंद पुन्हा करणे हा खरा उपाय होय.

बीड जिल्ह्यात दोन प्रणाली शेजारी नांदतात त्या गरजेपोटी. अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन किंवा बीसीएच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकांसाठी लिनक्स हवे असते आणि घरच्या दुकानाचे टॅली विंडोजवर असते. छपाईच्या कामातली श्री-लिपी आणि कोरलड्रॉही विंडोजवर वापरतात. दुसऱ्या बाजूला जिल्हा व तालुका न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने उबुंटू हे लिनक्स स्वीकारले. सी-डॅकची बॉस ही डेबियन या लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. पर्याय गायब झाला की दुरुस्तीच्या दुकानात मात्र ‘फॉरमॅट मारून दोन्ही टाकून देतो’ हे उत्तर अजून सर्रास मिळते. ते सोपे आहे, पण डेटा घालवणारे आहे आणि बहुतेक वेळा अनावश्यक आहे.

बिघाड कळण्यासाठी संगणक सुरू कसा होतो हे पाहावे लागते. जुन्या बायोस पद्धतीत डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा विभाग, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, वाचला जातो. त्यात सुरुवातीच्या कोडला जेमतेम ४४६ बाइट मिळतात, म्हणून तिथे एका वेळी एकाच प्रणालीचा लोडर मावतो. शेवटी बसवलेली प्रणाली आधीच्या लोडरवर आपला लिहिते. नव्या यूईएफआय पद्धतीत दोन्ही लोडर डिस्कवरील एका छोट्या ईएफआय विभाजनात वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात आणि आधी कोणता चालवायचा याचा क्रम मदरबोर्डच्या स्मृतीत असतो. लिनक्सचा लोडर बहुधा ग्रब असतो, विंडोजचा विंडोज बूट मॅनेजर.

नोंद जाण्याची कारणे अनेक. विंडोज नव्याने टाकणे किंवा तिचे मोठे अद्यतन हे पहिले. अद्यतन चालू असताना लाइट जाणे हे दुसरे; यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ते घडतेच. तिसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही : मदरबोर्डवरील बटणाएवढा सेल संपला की बायोसच्या मांडण्या मूळपदावर जातात आणि बूटचा क्रम बदलतो. घड्याळ दर वेळी जुन्या सालात जात असेल तर आधी तो सेल बदलावा.

तपासणीची पहिली पायरी मेनूच्या बाहेरची आहे. संगणक सुरू होताना डेल आणि लेनोवोच्या बहुतेक यंत्रांत एफ१२, एचपीत एफ९ दाबल्यास यंत्राचा स्वतःचा बूट मेनू उघडतो. हरवलेली प्रणाली तिथे दिसली आणि तिथून सुरू झाली, तर काम बायोसमध्ये क्रम बदलण्यापुरतेच उरते.

लिनक्स सुरू होते पण ग्रबमध्ये विंडोज दिसत नाही, ही आजची सर्वांत सामान्य अवस्था. तिचे मूळ २०२१ च्या ग्रब २.०६ आवृत्तीत आहे. इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर हा घटक त्या आवृत्तीपासून सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवला जाऊ लागला. उबुंटूला दुसरी प्रणाली सापडली नाही की ती मेनूही लपवते आणि वापरणाऱ्याला वाटते, विंडोज पुसली गेली. ग्रबच्या मांडणी-फाइलमध्ये ‘डिसेबल ओएस प्रोबर’ या ओळीची किंमत ‘फॉल्स’ करावी, ओएस-प्रोबर बसवलेला असल्याची खात्री करावी आणि ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी. बॉसही उबुंटूप्रमाणे डेबियन कुळातली असल्याने तिलाही हेच लागू आहे. फेडोरा या लिनक्समध्ये मेनू पुन्हा लिहिण्याची आज्ञा वेगळी आहे. एवढे करूनही विंडोज येत नसेल तर दोन्ही प्रणाली एकाच पद्धतीने बसवल्या आहेत का ते पाहावे. एक जुन्या बायोस पद्धतीने आणि दुसरी यूईएफआयने बसवलेली असेल, तर ग्रबला एकीतून दुसरीकडे जाता येत नाही.

उलट बाजूने, विंडोज थेट सुरू होते आणि ग्रब येतच नाही, तेव्हा बूट क्रमाने काम भागले नाही तर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लागतो. त्यावरून संगणक सुरू करून लिनक्सचे मूळ विभाजन आणि ईएफआय विभाजन जोडतात, त्या प्रणालीच्या आत जाऊन ग्रब पुन्हा बसवतात आणि मेनू नव्याने तयार करतात. आज्ञा टाइप करण्याची धास्ती असणाऱ्यांसाठी बूट-रिपेअर हे खिडक्या-बटणांचे साधन हेच काम करते, मात्र कोणत्या डिस्कवर बसवायचे ते डोळसपणे निवडावे लागते. आज्ञा शिकून घ्यायच्या असतील तर लिनक्सचे मूलभूत धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मराठीतही दिले आहेत.

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्यतनानंतर आणखी एक प्रकार घडला. लिनक्सचा पर्याय दिसे, पण निवडताच ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन यंत्र बंद पडे. जुने, असुरक्षित लोडर रोखण्यासाठी केलेला बदल ड्युअल बूट संगणकांनाही भोवला होता. सिक्युअर बूट, म्हणजे मान्यताप्राप्त लोडरच चालू देणारी व्यवस्था, तात्पुरते बंद करून लिनक्समधून अद्यतनाने लादलेले सुरक्षा-धोरण पुसणे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करणे हा त्यावरचा तोडगा होता. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली.

दोन्ही प्रणाली विंडोजच्याच असतील, उदाहरणार्थ ७ आणि १०, तर जुनी आधी व नवी नंतर टाकावी. क्रम उलटला आणि नवी दिसेनाशी झाली, तर नव्या विंडोजच्या पेनड्राइव्हवरून दुरुस्ती विभागात जाऊन ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा नव्या विंडोजच्या फोल्डरावर चालवली की नोंद परत येते. त्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदललेली असतात, हे विसरल्याने पुष्कळदा आज्ञा चुकीच्या विभाजनावर चालते.

कोणत्याही दुरुस्तीआधी बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन चालू आहे का ते तपासावे. असल्यास सिक्युअर बूट किंवा बूट क्रम बदलताच विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती हाताशी नसेल तर डेटा डिस्कवर असूनही हाती लागत नाही.

दुरुस्तीनंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे दिसले तर तो नवा बिघाड नव्हे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितले की हा फरक मिटतो.

बूट मेनूतही प्रणाली दिसत नाही आणि लाइव्ह पेनड्राइव्हवरून पाहिल्यास तिचे विभाजनही सापडत नाही, तेव्हा मात्र प्रश्न नोंदीचा राहत नाही. विभाजनाचा तक्ताच बिघडलेला असतो. टेस्टडिस्क हे मुक्त साधन असा तक्ता शोधून पुन्हा उभा करू शकते. ते वापरून होईपर्यंत त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये आणि कोणालाही फॉरमॅट करू देऊ नये.