पुस्तकाला हात लावू देणारी माणसं

सायकलवाले काका गेले त्याला आता वर्ष होईल. बारामती-नीरा रस्त्यावरच्या आमच्या वडगाव निंबाळकरात त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं, हवेचा पंप आणि मागच्या भिंतीला बांधलेल्या सुतळीवर वाळत घातल्यासारखी कॉमिक्स. सायकल तासाच्या भाड्याने, कॉमिक दिवसाच्या. दिवसाला दहा पैसे. नवं कॉमिक दीड-दोन रुपयांना पडायचं. तेवढे पैसे मागितले असते तर अब्बांनी आधी माझ्याकडे आणि मग कोपऱ्यातल्या छडीकडे बघितलं असतं.

अंत्ययात्रेहून परतताना मनात आलं, या माणसाची नोंद कुठे होणार? कॉमिक्सचा इतिहास आहे, पण तो लिहिणाऱ्यांचा, काढणाऱ्यांचा आणि छापणाऱ्यांचा. ली फॉक या अमेरिकी लेखकाने १९३६ साली ‘फँटम’ निर्माण केला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली आणि तोच फँटम वेताळ होऊन मराठी पोरांच्या हाती आला. त्याच समूहात इंद्रजालचं काम पाहणारे अनंत पै पुढे बाहेर पडले. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही, हे त्यांना लागलं होतं. त्यातून १९६७ साली ‘अमर चित्र कथा’ जन्माला आली. फेब्रुवारी २०११ मध्ये पै गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिलं. ते योग्यच झालं. पण मुंबईत छापलेला वेताळ कालव्याकाठच्या आमच्या गावात पोचायचा तो काकांच्या सुतळीवरून.

बारामतीच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं आपण शाळेत शिकतो. मला पहिलं रामायण भेटलं ते काकांच्या दुकानात, चित्रांतून. शेखांचा पोरगा रामायण का नेतोय, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांची अट एकच होती, हात धुऊन यायचं. “माझे हात ग्रीसचे. तुझं तू काढ,” म्हणायचे. त्यामुळे ते सगळं भांडार आम्हा पोरांच्याच हाती असे. बारामतीच्या एका स्टॉलवर मी एकदा कॉमिकला नुसतं बोट लावलं होतं, तर “घ्यायचंय का? नाहीतर हात काढ,” असं ऐकावं लागलं. तो शब्द अजून आठवतो.

पुढे मुंबईला जाणं-येणं सुरू झालं, तेव्हा फोर्टातल्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ची आणि टी. एन. शानभागांची गोष्ट कळली. तरुणपणी एका मोठ्या दुकानात पुस्तक चाळताना त्यांनाही असंच हटकलं गेलं होतं. वाचकाला पुस्तक मोकळेपणाने हाताळता येईल असं दुकान आपणच काढायचं, असं त्यांनी ठरवलं. १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात लहानसा स्टॉल टाकला, नंतर दुकान फोर्टात आलं. किमतीत सवलत आणि चाळायला पूर्ण मोकळीक. पंडित नेहरूंपासून अब्दुल कलामांपर्यंत गिऱ्हाईक तिथलं. २००३ साली शानभागांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २००९ मध्ये ते गेले आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दुकानही मिटलं. मुंबईकर हळहळले. ती हळहळ मला लगेच समजली, कारण आमच्या गावातला शानभाग ग्रीसच्या हातांचा होता.

काकांचा लाडका नायक वेताळ नव्हता, बहादूर होता. भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंशी लढणारा हा आपल्या मातीतला गडी १९७६ साली इंद्रजालमध्ये आला. त्याला जन्म दिला आबिद सुरती या गुजराती लेखकाने. माझ्यासारखं नाव असलेला कुणी एक अशा गोष्टी लिहितो, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो. काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे आणि मला म्हणायचे, “मोठ्यानं वाच रे.” मी वाचायचो. एखाद्या कॉमिकचं शेवटचं पान फाटलेलं असलं की म्हणायचे, “शेवट तू सांग, दहा पैसे माफ.” काकांना अक्षरओळख नव्हती, कॉमिक्स ते मुखपृष्ठावरच्या चित्रावरून ओळखत, हे मला बी. ए. होईपर्यंत कळलं नाही. पुढे कवी म्हणून व्यासपीठांवर बसलो, पण माझे पहिले श्रोते ते होते.

१९८७ साली टीव्हीवर रामायण आलं. रविवारी सकाळी सायकलसुद्धा कुणी नेईना. आठशेहून अधिक अंक काढून १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. मग गावात मोटारसायकली आल्या. काकांनी भाड्याच्या सायकली विकल्या आणि पंक्चर तेवढी काढत राहिले. एकदाही त्यांना सांगितलं नाही, की काका, तुमच्यामुळे मी लिहायला लागलो. नंतर सांगू म्हणता म्हणता राहून गेलं.

दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलाने खोक्यात उरलेली सात-आठ कॉमिक्स दाखवली. “रद्दीत घालू का, तुम्ही नेताय?” मी घेऊन आलो. फाटलेल्या पाठींना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवल्या आहेत. इतक्या वर्षांत एकही सुटलेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)