ब्रेकची नळी

मोटारीच्या वेगाचे कौतुक सर्वांनाच असते. तो वेग आवरणारी शक्ती मात्र एका बारीक नळीतून वाहते, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. त्या तत्त्वावर अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी ब्रेक रचला. त्यातील चामड्याच्या वाट्या गळत. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी तेथे रबर योजले, आणि १९२४ साली त्यांची मोटार चारही चाकांना असे ब्रेक लावून बाजारात आली.

पुढे सांगाड्यावर पोलादी नळी व चाकापाशी रबरी, अशी वाटणी रूढ झाली. रबर दाबाखाली किंचित फुगते, कालांतराने जीर्ण होते. म्हणून तेथेही धातूच घालावा, असा मोह पडतो. परंतु चाक वर-खाली हालते, पुढचे तर वळतेही. ताठ नळी त्या हेलकाव्यांनी थकते आणि अवचित तडकते. जुन्या मोटारींत एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक निकामी होई. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र द्रवमार्ग सक्तीचे झाले. पोलादाची जागा सांगाड्यावर. हलत्या चाकापाशी रबरच हवे, आणि ते वेळीच बदललेही पाहिजे.