एलजीबीटी समाज आणि तंबाखू : बहिष्कारापासून ‘स्कम’पर्यंत

समलिंगी, उभयलिंगी लोकांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. अमेरिकेच्या २०१५ मधल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत अशा प्रौढांपैकी २०.६ टक्के सिगारेट ओढणारे होते. भिन्नलिंगी प्रौढांत १४.९ टक्के. घरात लपवालपवी, बाहेर टोमणे, त्याचा ताण हे एक कारण. दुसरं म्हणजे भेटायची जागा. मोकळेपणाने बसता येईल असं ठिकाण कित्येक वर्षं बारच होतं, आणि बार म्हटला की धूर आलाच. कॅलिफोर्नियात बारमध्ये सिगारेटबंदी आली ती १९९८ साली.

तिसरं कारण धंद्याचं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एड्स कार्यकर्त्यांनी मार्लबोरोवर बहिष्कार टाकला. पण भांडण सिगारेटशी नव्हतंच! फिलिप मॉरिस कंपनी सिनेटर जेसी हेल्म्स यांना पैसा पुरवत होती, आणि हेल्म्स म्हणजे समलिंगींचे कट्टर विरोधक. पुढच्या वर्षी कंपनीने एड्सच्या कामासाठी देणग्या वाढवायचं कबूल केलं आणि बहिष्कार मिटला. १९९२ मध्ये याच कंपनीच्या बेन्सन अँड हेजेसची जाहिरात ‘जॉनर’ या समलिंगी पुरुषांच्या मासिकात झळकली. एरवी मोठे जाहिरातदार ज्यांच्याकडे फिरकत नव्हते, त्यांना यात मान वाटला असेल तर नवल नाही.

हा मान केवढा होता, ते दुसऱ्या एका कंपनीच्या कागदांतून कळलं. आर. जे. रेनॉल्ड्सने १९९५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत कॅमल सिगारेट खपवायची योजना आखली. गिऱ्हाईक कोण? कॅस्ट्रो भागातले समलिंगी पुरुष आणि टेंडरलॉइनमधले बेघर. नाव ‘सबकल्चर अर्बन मार्केटिंग’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की ‘स्कम’, म्हणजे पाण्यावरची घाण. माणसांना म्हटलं तर शिवीच. कोर्टकचेऱ्यांमुळे कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं उघडी पडली, त्यात हे सापडलं. सरकारी बाजूने १८ ते २४ वयाच्या एलजीबीटी तरुणांसाठी खास तंबाखूविरोधी मोहीम निघाली ती थेट २०१६ मध्ये.

आपल्याकडे २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्र २६.६, कर्नाटक २२.८, गोवा ९.७ टक्के असे राज्यवार आकडे आहेत. कुणाचा ओढा कुणाकडे, हे त्यात विचारलेलं नाही. आपल्या भागात चुना लावून मळलेली तंबाखू आणि गुटखाही आहे, त्याला बारची गरज लागत नाही. सोडायची असेल त्याच्यासाठी राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे, तंबाखूच्या पाकिटावरच छापलेली : १८००-११-२३५६.