परसातला बटाटा आणि सरकारचा कोटा

माझ्या पिढीला सोव्हिएत शेती ठाऊक झाली ती चित्रांतून: क्षितिजापर्यंत गहू आणि त्यात चालणारे ट्रॅक्टर. त्या शेतांवर राबणाऱ्यांच्या घरात काय शिजत होते, हे शोधू लागलो तेव्हा वाट घरामागच्या परसात गेली.

१९२९च्या अखेरीपासून सामूहिकीकरणाची सक्ती वाढली. शेत गेले, घोडे गेले. घराभोवतीचा तुकडा तेवढा उरला. पण नोव्हेंबर १९३२मध्ये युक्रेनात, धान्याचा कोटा न भरणाऱ्यांवर मांस आणि बटाटे यांच्या रूपाने दंड बसवण्यात आला. म्हणजे परसातले आणि गोठ्यातलेही उचलले गेले. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वसंतात तिथे लाखो माणसे भुकेने मेली. जगातली उत्तम काळी माती त्यांच्या दाराशीच होती.

१९३५च्या आदर्श नियमावलीने सामूहिक शेतावरच्या कुटुंबाला साधारण पाव ते अर्धा हेक्टर, म्हणजे आपले २५ ते ५० गुंठे परस मान्य केले. बहुतेक भागांत एक गायही. सामूहिक शेतावरची मजुरी श्रमदिनांत मोजली जाई आणि वर्षाअखेरी पदरात पडे ते थोडे धान्य. बटाटा, कोबी, दूध यांची भिस्त परसावरच. तिथे राबत त्या मुख्यतः बायका आणि म्हातारी माणसे.

मान्यता मिळाली, तरी हात आखडताच राहिला. १९३९मध्ये परसांची मोजणी करून जादा जमीन काढून घेतली गेली. महायुद्धानंतर कर इतका वाढला की काहींनी फळझाडेच तोडली. स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५३मध्ये, तो कमी झाला आणि १९५८पासून परसातल्या उत्पन्नाची सक्तीची वसुली थांबली.

पुढे लागवडीखालच्या सुमारे ३ टक्के जमिनीतून देशाचे जवळपास एक चतुर्थांश शेती उत्पादन येत असे. हा आकडा खासगी मालकीचा विजय म्हणून सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण गाईचा बराचसा चारा सामूहिक शेतातूनच येई. परस एकटे उभे नव्हते.

आज परसबागेच्या योजनांत बियाण्यांची पाकिटे वाटतात, वाफ्यांची मापे सांगतात. १९३२ आणि १९३५ शेजारी ठेवून पाहिले, तर त्याआधीचा प्रश्न दिसतो: पिकलेले घरातच राहील, याची हमी कोण देणार?